दुपट्ट्याखालचा शब्द

पुंजाजीकाकांनी मला फसवलं.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्या चार गमती सांगताना कुणाला वाटायला नको की माझा राग निवळला आहे. निवळलेला नाही. कापसाच्या धंद्यात फसवाफसवी चालायचीच. पाणी मारलेला कापूस कोरडा म्हणून विकायला आणणाऱ्याशी मी माझ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकात गळा फाडून भांडतो आणि नंतर त्यालाच चहा पाजतो. पण पुंजाजीकाकांनी दुपट्ट्याखाली दिलेला शब्द मोडला. हे वाक्य वाचून ज्याला काहीच वाटलं नाही, त्याच्यासाठी पुढचं सगळं आहे.

काकांचा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. तिथे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल गिऱ्हाइकाचा हात हातात घेतो, वर खांद्यावरचा दुपट्टा टाकतो आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतो. भोवती सगळा बाजार डोळे फाडून उभा असला तरी भाव त्या दोघांनाच कळतो. सौदा पटला की पुरा पंजा आवळायचा. पंजा आवळला की विषय संपला. मग बैल वाटेत लंगडायला लागला तरी माणूस माघारी येत नाही.

ही पद्धत बैलापुरती ठीक आहे. काकांनी ती सगळ्या जगाला लावली. उघड्यावर बोललेलं काही खरं असतं यावर त्यांचा विश्वासच नाही. बँकेत गेले की खिडकीतून हात आत घालतात, कॅशियरचा हात पकडतात, वर दुपट्टा टाकतात आणि म्हणतात, "सांग आता, किती हायेत खात्यात." नवा कॅशियर आला की पहिल्या खेपेला तो ओरडतो. जुना झाला की निमूट बोटं दाबतो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काका, बीपी वाढलंय." काका चिडले.

"एवढे लोक बसून हायेत अन् तुम्ही वरडून सांगता? हात द्या."

डॉक्टरांनी हात दिला. बीपीचा आकडा बोटांनी सांगता सांगता त्यांना घाम फुटला. काका बाहेर येऊन मला म्हणाले, "मानूस चांगला हाये, पण बोटाइले वळन नाही."

बायकांचा हात धरायचा नाही एवढा नेम त्यांनी पाळला. म्हणून भाजीवालीसमोर ते स्वतःच्या दुपट्ट्यात स्वतःचीच बोटं हलवतात आणि वरून दिसणाऱ्या फुगवट्यावरून तिनं भाव ओळखायचा असतो. ती म्हणते, "काका, माह्या पायात गोळे आले, तोंडानं बोला न." काका बोलत नाहीत. शेवटी ती तिच्या मनानं वांगी तोलते आणि काका समाधानानं घरी जातात, की भाव कोनाले कळला नाही.

"हात दे" हे त्यांचं पालुपद. राजकारण असो, सोयरीक असो, पावसाचा अंदाज असो, काका इकडंतिकडं बघणार आणि म्हणणार, "उघड्यावर काऊन बोलतं बे? हात दे."

मी त्याच बाजारात कासरे आणि घुंगरमाळा विकत मोठा झालो. पाल ठोकायला जागा मिळावी म्हणून रोज कुणाशी तरी हाणामारी. आज माझी जिनिंग आहे, मलकापूरच्या व्यापाऱ्यांत मला खुर्ची आहे, लोक दिगंबरशेठ म्हणतात. काका एकटे अजून 'दिग्या' म्हणतात. काकू गेल्या, पोरगा पुण्याला. मी रोज संध्याकाळी जिनिंग बंद करून घरी जाताना त्यांच्या ओट्यावर थांबायचो. भांडायचो, चहा प्यायचो, जायचो. कशावरून भांडायचो ते विचारू नका. विषय लागत नव्हता.

काका आमच्या पक्षात कधीपासून आहेत? मतदानाच्या दिवशी बुथबाहेरच्या टेबलावर बसायला या पक्षाला माणूस मिळत नव्हता, तेव्हापासून. टेबलही काकांचं असायचं. आता पक्ष सत्तेत आहे. सभेला स्टेजवर इतके नेते चढतात की खालून बल्ल्या लावाव्या लागतात. काका खाली बसतात, कूलरच्या बाजूला. स्टेजवरच्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा गावोगाव फिरवलं, चार माणसांत उभं केलं, ते काकांनी. भाषण सुरू झालं की ते मला बोटानं दाखवत: "हा माहा. तो बी माहा." त्यांच्यातलं कुणी खाली बघून हात हलवलेला मी पाहिला नाही.

मग नगराध्यक्षाची निवडणूक आली. आमच्या गावात सत्ताधारी पक्षाचं तिकीट मिळालं की अर्धा गुलाल लागलाच. त्यामुळे खरी लढाई पक्षाच्या आतच होती, आणि तिच्यात दोघं होते: मी आणि वकीलसाहेब. वकीलसाहेब शांत माणूस. कोर्टात हरले तरी समोरच्याला नमस्कार करतात. मी जिंकलो तरी करत नाही. वरच्यांनी गुपचूप चाचपणी केली, तर दोघं सारखे. एकाला दिलं तर दुसरा फुटेल, ही भीती. तेव्हा पुण्याहून एक निरीक्षक आले आणि म्हणाले, कार्यकर्तेच मतदान करतील, ज्याला जास्त मतं तो आपला उमेदवार. "ही खरी पक्षांतर्गत लोकशाही," असं त्यांनी इतक्या स्वच्छ मराठीत सांगितलं की आम्हाला खरं वाटलं.

मी कामाला लागलो. प्रत्येक मतदाराला काय पाहिजे ते काढलं. कुणाला भाच्याची बदली, कुणाला लग्नासाठी गाडी, कुणाला फक्त 'भाऊ' म्हणून हाक. वकीलसाहेबही घरोघर फिरत होते, चपला बाहेर काढून. रोज पारडं इकडून तिकडं झुकायचं. एका मताची किंमत बैलजोडीएवढी झाली.

काकांकडे मी सगळ्यात आधी गेलो होतो. ओट्यावर बसलो, म्हटलं, "काका, आपलं कसं?"

"हात दे."

दुपट्टा पडला. आत त्यांनी माझा पंजा आवळला, पुरा.

"झालं," काका म्हणाले.

मी उठलो. ते मत पेटीत पडल्यासारखंच होतं. नंतर प्रचाराच्या धामधुमीत मी त्या ओट्यावर फिरकलो नाही. पक्क्या मताच्या घरी जाऊन वेळ कोण घालवतो?

मतदान मंगल कार्यालयात होतं. मतपेटी आणायला निरीक्षक विसरले, म्हणून कार्यालयाच्या मालकानं आहेराची पेटी दिली. वर सोनेरी अक्षरात 'शुभविवाह'. काकांची पाळी आली तेव्हा निरीक्षकांनी विचारलं, "आजोबा, आपण सक्रिय सदस्य आहात ना?"

काका म्हणाले, "हात द्या," आणि टेबलावरच्या त्यांच्या हातावर दुपट्टा टाकला.

निरीक्षकांनी विस्तवाला लागल्यासारखा हात ओढला. "हे काय देताय तुम्ही मला? सगळ्यांसमोर?"

सगळं कार्यालय हसलं. मी म्हटलं, "देऊन नाही राह्यले, साहेब. बोलून राह्यले." एकटे काका हसले नाहीत. दुपट्टा परत खांद्यावर घेतला, चिठ्ठी घेतली, आडोशाला गेले. तिथे त्यांना बराच वेळ लागला. म्हाताऱ्या माणसाला लागतो, असं मी समजलो.

मोजणी झाली. मी एका मतानं पडलो.

एका मतानं पडलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते सांगतो. तो जिंकणाऱ्याकडे बघतच नाही. आपली माणसं बघतो, एकेक करून. माझी नजर माझ्या साळ्यावर, बबनवर थांबली. आदल्या दिवशी त्यानं वकिलाच्या गाडीतून लिफ्ट घेतली होती. मी भर कार्यालयात त्याची कॉलर धरली. जे तोंडाला आलं ते बोललो, त्याच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोचाही, मुलाहिजा ठेवला नाही. बबन रडकुंडीला आला. "भाऊजी, आईची शपथ, तुम्हालेच देलं."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्याले काऊन धरतं बे? वकिलाले म्या देलं."

पुंजाजीकाका खुर्चीवरून उठून उभे होते. उघड्यावर, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत बोलले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तिथे बैलबाजारातले दोघंतिघं दलाल होते, त्यांनी माना खाली घातल्या. वकीलसाहेब माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "शेठ, मी त्यांना मागितलंही नव्हतं." मला त्याचा जास्त राग आला.

त्या दिवसापासून मी जिनिंगहून घरी जायचा रस्ता बदलला. मागून रेल्वे लाइनच्या बाजूनं लांबचा फेरा पडतो, पण तिथे कुणाचा ओटा नाही.

पुढची गंमत ऐका. अर्ज भरायच्या अखेरच्या दिवशी तिकीट जाहीर झालं. मला नाही, वकिलालाही नाही. आदल्या आठवड्यापर्यंत चौकात उभं राहून आमच्या पक्षाला शिव्या देणारा एक माणूस सकाळी पक्षात आला, गळ्यात पक्षाचा पट्टा पडला आणि दुपारी त्यानं आमचा उमेदवार म्हणून अर्ज भरला.

संध्याकाळी वकीलसाहेब जिनिंगवर आले. कापसाच्या गाठीवर बसले.

"दिगंबरशेठ, एका मतानं का होईना, जिंकलो होतो ना मी?"

"जिंकले होते."

"मग?"

मी निरीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, "निर्णय वरून आलाय."

"मग मतं काऊन घेतली?"

"ती कार्यकर्त्यांची भावना जाणून घेण्यासाठी होती."

"अन् पेटी?"

"ती कार्यालयाला परत केली."

वकीलसाहेबांनी त्यांनाही सवयीनं नमस्कार केला, फोनवरच.

मग मला एक दुष्ट आनंद झाला. आज काकांना जाऊन सांगायचं, की माझा गळा कापून तुम्ही मिळवलं काय? मी जुन्या रस्त्यानं गेलो. काका ओट्यावर होते. मी बसलो नाही, उभाच राहिलो.

"काका, तुमचं मत पाण्यात गेलं. वकिलालेही नाही भेटलं तिकीट."

"कळलं मले."

"आता तरी सांगा. काय देलं होतं वकिलानं तुम्हाले?"

"काही नाही देलं."

"मंग मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "सभापती झाला तो, ओळखतं न? रोज येत जाये इथं. तू बसतं तिथंच बसे. झेडपीत गेला तो बी. तुह्या काकूच्या हातचं पिठलं खाऊन दोघंही इथंच झोपत. दोघाइलेही म्या वर चढवलं. त्याईच्या गाड्या आजही याच रस्त्यानं जातेत. काच वर असते."

"मी तसा नाही, काका."

"तेही असंच म्हनत. तू परचाराले लागला अन् यायचा बंद झाला. म्या म्हटलं, काम असन. मंग त्या आडोशाले गेलो, चिठ्ठी हातात. अन् मले दिसलं, की हा नगराध्यक्ष झाला का हा बी गेला. संध्याकाळच्याले मंग कोन येते बे इथं?"

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आज बाजार होता. गेले नाही?"

"नाही जात आता."

"काऊन?"

"दुपट्ट्याखाली देल्ला शब्द मोडला म्या. सगळ्याइच्या देखत सांगतलं बी. आता कोन्या तोंडानं कोनाचा हात धरू?"

काकांच्या घरी दुसरं माणूस नाही. पोरगा फोन करतो, पण त्याला घाईत तोंडानंच बोलायचं असतं. बाजाराच्या दिवशी चार माणसांचे हात हातात यायचे, तेवढाच त्यांचा माणसांशी संबंध उरला होता. तोही त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला. कुणी त्यांना शिक्षा सुनावली नव्हती.

मी ओट्यावर बसलो. चहा आला नाही, मीही मागितला नाही.

मला तिकीट मिळालं नाही त्याचं मी बघून घेईन. मी भांडून वर आलेला माणूस आहे, अजून भांडेन. वकीलसाहेबही त्यांचं बघतील. पण या म्हाताऱ्यानं त्या आहेराच्या पेटीत जन्मभराची पत टाकली. एक मत द्यायला त्याला उभं आयुष्य मोडावं लागलं, आणि ते मत तुम्ही, पक्षाच्या वरच्या लोकांनी, मोजून फेकून दिलं. मोजलेलं मानायचंच नव्हतं, तर मागितलं कशाला?

निरीक्षक म्हणतात, निर्णय वरून आला. वर म्हणजे कोण? त्या माणसाला नाव असेल, गाव असेल, चालायला पाय असतील. त्यानं आमच्या गावी यावं, पुंजाजीकाकांच्या समोर बसावं आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगावं की त्यांच्या मताचं काय केलं. भावना जाणून घेतली, हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.