रावजींच्या कार्डाचा मायना

स्पेनहून आलेलं पत्र वाचायला रावजींनी भाडेकरू चिंतामणी मास्तरांना माडीवरच्या खोलीतून खाली बोलावलं. मास्तरांनी चार ओळी वाचाव्यात आणि शाळेची वाट धरावी, एवढंच काम होतं. पण मास्तर पडले इंग्रजीचे शिक्षक. ते मनापासून भाषांतर करायला बसले, आणि सगळं तिथंच बिनसलं.

एकोणीसशे तेहतीस साल. भवानी पेठेत रावजींचं चादरींचं दुकान होतं, मागे घर. मागल्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका दलालाबरोबर एक स्पॅनिश गृहस्थ माल बघायला आला होता. दुपारी रावजींच्या घरी भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन, डोळे पुसत, 'आणखी' अशी खूण करून गेला होता. त्याचंच हे पत्र. त्याच्या कारकुनाने ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवलं होतं, आणि मास्तरही शब्दाला शब्द ठेवूनच ते मराठीत आणत होते.

"सेन्यॉर दॉन रावजी," मास्तरांनी सुरुवात केली. "हे त्यांचं राजमान्य राजश्री असावं. पुढे, 'अति माझे स्वामी.'"

"कोन, मी?"

"तुम्हीच. चादरी पसंत पडल्या म्हणतोय. आणि खाली, 'आपला खात्रीचा सेवक, जो आपल्या हाताचं चुंबन घेतो.'"

रावजींनी आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. "मानूस खानदानी हाय. मी तवाच म्हटलं हुतं." दुकानातल्या गिऱ्हाइकांनी नीट ऐकलं ना, तेही त्यांनी बघून घेतलं.

"आणखी एक ओळ आहे," मास्तर म्हणाले. देवाने तिथंच त्यांना ठसका लावायला हवा होता. "'मला आपल्या पत्नीच्या चरणांशी ठेवा. त्या चरणांचं मी चुंबन घेतो.'"

उंबऱ्याआड सोजरबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"भाकरी खाल्ली आन हिचे पाय बगत बसला व्हय त्यो?" रावजी म्हणाले. "आता एक चादर जायची न्हाई त्येला."

दुपारपर्यंत बातमी पेठभर झाली. शेजारचे तात्याबा दुकानात येऊन विचारून गेले, की स्पेनचा साहेब वहिनींच्या पाया पडायला येणार म्हणतात, ते कोणत्या वारी? रावजी गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. सोजरबाई मात्र त्या दिवशी गुणगुणत होत्या. संध्याकाळी त्यांनी पायांना तेल लावलं. कधी नाही ते लावलं.

मास्तरांना चैन पडेना. ते स्टेशनाकडच्या पाद्रीबाबांना विचारून आले आणि उजळलेल्या चेहऱ्याने दुकानात शिरले.

"रावजी, ती नुसती रीत आहे. तिकडे सगळेच सगळ्यांच्या बायकांना तसं लिहितात. मनातलं त्यात काही नसतं."

"आन हाताचं?"

"तेही तसंच."

रावजींना क्षणभर वाईट वाटलं. पण जीव भांड्यात पडला तो पडलाच. त्यांनी आत तोंड करून सांगितलं, "अगं ए, ऐकलंस का, नुसती रीत हाय म्हनं. तुज्या पाया कशाला कोन पडतंय."

सोजरबाई बाहेर आल्या. आवाज चढला नव्हता. "रीत हाय त्ये मलाबी कळत हुतं. मी काय खुळी न्हाई. पन त्यास्नी तशी रीत तरी हाय. मी तीस वरसं हितं 'अगं ए' हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या दुधनीला, भाऊ जोतीरामाकडे निघून गेल्या. जाताना स्पेनचं पत्र पदराला बांधून नेलं.

मास्तर स्वतःलाच बोल लावत राहिले. एकदा वाचून घोळ घातला, दुसऱ्यांदा समजावून. समजावलं नसतं तर निदान ती माउली सुखात राहिली असती.

पाचव्या दिवशी करपलेल्या भाकरीचा वास माडीपर्यंत आला आणि पाठोपाठ रावजी कार्ड घेऊन आले. "लिवा. 'निगून ये.'"

"मायना काय घालू?"

"घरच्या मानसाला कसला मायना?"

कार्ड गेलं. आठ दिवस झाले, उत्तर नाही. रावजी दुसरं कार्ड घेऊन आले आणि या खेपेला खाली बसले.

"मास्तर, मायना कसा आसतोय?"

"नवऱ्याने बायकोला लिहायचं तर, 'सौभाग्यवती सोजर हिस अनेक आशीर्वाद.'"

रावजी बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. "आशीर्वाद नगं. मी काय द्यावं तिला? आजवर तीच देत आली." मग खाली बघत म्हणाले, "नमस्कार लिवा. साष्टांग. आन 'हिस' न्हाई, 'यांस'. सोजरबाईसाहेब यांस."

मास्तरांची लेखणी थांबली. "रावजी, असं कुणी लिहीत नाही. आणि कार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचेल."

"तिला कुटं वाचाया येतंय? त्योच वाचून दावनार की. वाचू द्या मोठ्यानं."

चौथ्या दिवशी सोजरबाई परत आल्या. घरात पिशवी ठेवली आणि तडक जिना चढून मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कार्ड होतं.

"पोस्टमननं दोनदा वाचलं. म्हनला, चुकून लिवलं आसंल. मास्तर, ह्यो मायना तुमी घातला?"

"नाही वहिनी. मी आशीर्वाद सांगितला होता."

"मग हीबी रीतच आसंल की एकादी."

बोलण्याआधी थांबायचं असतं, एवढं मास्तर या महिन्यात शिकले होते. ते थांबले, आणि मग म्हणाले, "नाही. आपल्यात अशी रीत नाही."

सोजरबाईंनी पदराची गाठ सोडली. स्पेनचं पत्र काढून मास्तरांपुढे ठेवलं. "ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. साळंत शिकवाया हुईल." त्याच गाठीत त्यांनी कार्ड बांधलं आणि जिना उतरू लागल्या.

खालून रावजींचा आवाज आला, "अगं ए," आणि मध्येच थांबला. थोड्या वेळाने पुन्हा आला, जरा चाचरतच. "अवो, च्या टाकता का?"

सोजरबाई तिसऱ्या पायरीवर होत्या. ते 'अवो' पुन्हा एकदा ऐकू येईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.