चंद्रावरचा लंबक

"आता लंबकसुद्धा पडद्यावर झुलणार म्हणे. उद्या पोळ्याही पडद्यावरच लाटा."

मंदाकिनीबाई हे स्वतःशीच पुटपुटल्या. फक्त शेफालीच्या कानापासून वीतभर अंतरावर.

सदाशिव पेठेतल्या त्या बी.एड. कॉलेजात विज्ञान शिकवायचं कसं, हे बाईच शिकवत आल्या होत्या. शेफाली आली, संगणकावरची सिम्युलेशन्स घेऊन आली, आणि भावी शिक्षकांचा घोळका तिच्यामागे गेला. आता तो विषय कुणाकडे द्यायचा, हे प्राचार्य अनिरुद्ध सर आजचा पाठ पाहून ठरवणार होते. भावी शिक्षकांपैकी सुदर्शन शेफालीच्या पद्धतीने शेजारच्या शाळेतल्या नववीला लंबक शिकवणार होता.

मधल्या सुट्टीत बाई प्रयोगशाळेत शिरल्या. नुसतं बघायला. पडद्यावर गुरुत्वाकर्षणासाठी पृथ्वी, चंद्र, गुरू असे पर्याय होते. त्यांनी चंद्र लावला. घंटा झाली. चंद्र तसाच राहिला. 'विसरले' म्हणता आलं असतं. पण बाई विसरल्या नव्हत्या.

"मीटरभर दोरी, म्हणजे एका झोक्याला दोन सेकंद," सुदर्शन ऐटीत म्हणाला. लंबक जेवून आल्यासारखा हलला. पाच सेकंद लागले.

"नेट स्लो आहे," सुदर्शन म्हणाला.

शेफालीने वायर काढली, घातली. पाचच. पोरं खिदळली. मागे बसलेल्या बाईंना बरं वाटत होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मग पुस्तकातलं सूत्र चुकलंय का?"

सुदर्शन घाम पुसत म्हणाला, "असेल."

"असेल काय!" बाई उठल्याच. "सूत्र बरोबर आहे. हा चंद्रावरचा लंबक आहे!"

मग त्यांना आवरेना. त्यांनी पर्समधला दोरा काढला, मीटरभर मोजून त्याला घरच्या किल्ल्या बांधल्या, पडद्यावर पृथ्वी लावली. दोन्ही लंबक बरोबरीने झुलले. गुरू लावला, तर पडद्यावरचा सुसाट सुटला. पोरं बाकांवर चढली.

वर्ग सुटल्यावर सर खूश होते. "दोघींनी मिळून मस्त बेत केलात! आता विषयाचं म्हणाल तर..." ते खाकरले. "चहा घेऊ या."

"चहा राहू द्या, सर," शेफाली म्हणाली. "मॅडम, चंद्र तुम्ही लावलात ना?"

"हो."

"का?"

सुदर्शन पंख्याकडे बघू लागला. सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"जळते मी तुझ्यावर," बाई म्हणाल्या. "माझी पोरं नेलीस."

शेफाली म्हणाली, "मीही जळते, मॅडम. आज माझी पोरं तुम्ही नेलीत, माझं तर अजून ताजं आहे."