नथीचा खडा आणि माझं उठून जाणं

"यावेळी भाव मी करतो," असं मी ज्ञानेश्वरीला म्हणालो आणि तिथंच सगळं बिघडलं.

ज्ञानेश्वरी म्हणजे माझी बायको. आमच्या घरात भाव करायचं खातं लग्नापासून तिच्याकडं आहे. गुलमंडीचा बाजार असो, शहागंजचा असो, बोलायचं काम तिचं आणि उठून जायचं काम माझं. म्हणजे कसं, ती दुकानदाराला घोळवत घोळवत खाली आणते, गाडी अडली की माझ्याकडं एकदा बघते. मग मी "चल गं, पुढं बघू" असं म्हणून उठतो आणि चालायला लागतो. तुम्हाला वाटेल यात काय मोठंसं? अहो, यात लई कसब आहे. भरभर चाललात तर दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक खरंच गेलं. रेंगाळलात तर त्याला नाटक कळतं. आणि काहीही झालं तरी मागं वळून बघायचं नाही. मागून "ओ साब, किधर चले, आओ ना!" अशी हाक आली की जरा पुढं जायचं आणि मग उपकार केल्यासारखं वळायचं. पैठणला एका साडीवाल्यानं मला बसस्टँडवरून परत नेलंय. (साडी अजून आहे. मी दाखवीन.)

पण आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क तात्यासाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "राजकुमार, घरात सगळं वहिनी बोलत्यात, आन् तुम्ही काय करता? चालता? ते तर आमचं कुत्रंबी करतंय की!" सगळं ऑफिस हसलं. शिपाईसुद्धा हसला. ते माझ्या मनाला लागलं.

त्यात नथीचं प्रकरण झालं. ही नथ माझ्या सासूबाईंची, म्हणजे बिडकीनच्या आवडाबाईंची. त्यांनी ती ज्ञानेश्वरीला देताना बजावलं होतं, "मोती हालला तर चालंल, लाल खडा हालता कामा नाय." एका बारशाच्या पंगतीत तोच नेमका निखळला. आम्ही पत्रावळ्या उपसल्या, मसालेभात चिवडला. माझं स्पष्ट मत आहे की तो खडा शेजारी जेवायला बसलेल्या धोंडिबामामांनी गिळला. मामांनी दोनदा भात मागून घेतला होता आणि खाताखाता मध्येच एकदा, दाताखाली काहीतरी आल्यासारखं, "हां" करून थांबले होते. पण पाहुण्याला असं कसं विचारणार?

आता माझ्या मेव्हण्याच्या पोराचं, ऋतुराजचं, लग्न ठरलं होतं. त्या लग्नात आवडाबाई लेकीच्या नाकाकडं बघणार म्हणजे बघणारच. माझी बायको कुणाला भीत नाही. साहेबांना भीत नाही, पोलिसाला भीत नाही, मला तर नाहीच नाही. पण आईला भिते. गावातल्या सराफांनी दाखवलेला प्रत्येक खडा तिनं बाजूला सारला. "आईला लगेच कळंल हो," म्हणायची आणि तिचे डोळे भरून यायचे. तिच्या डोळ्यात पाणी मी फार कमी वेळा बघितलंय. 

अशात आमच्या श्रेयानं, म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं, आम्हाला थायलंडची टूर बुक करून दिली. (ऑफिसात सांगितलं तर तात्यासाहेब म्हणाले, "थायलंडला? आन् बायकोला घेऊन?") त्या टूरमध्ये चांथाबुरी नावाचं गाव होतं. नदीकाठचं शहर, आणि तिथं म्हणे जगभरातली माणकं-नीलम विकायला येतात. ज्ञानेश्वरीनं नथ रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. आणि मी, तात्यासाहेबांचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून, ते वाक्य बोलून बसलो.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"परदेशात इंग्लिश लागतं," मी म्हणालो. तिनं पुढं काही विचारलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

चांथाबुरीला जाताना बसमध्ये आमच्या टूर मॅनेजर मोनिकानं तिथल्या बाजाराची पद्धत नीट समजावून सांगितली. सगळ्यांनी ऐकली. मी झोपलो होतो. उतरलो तर ऊन आपल्या मे महिन्यासारखं, फक्त ओलं. अंगातला शर्ट आपोआप धुऊन निघाला. एका मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर दिवा, इवलासा वजनकाटा, आणि मागं एकेक माणूस बसलेला. मी म्हटलं, ही दुकानं. पण नवीन बूट असा काही चावत होता की मी पहिली रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर बसकण मारली.

"अहो, उठा! दुसऱ्याचं दुकान आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"त्याला येऊ दे, उठतो."

तो आलाच नाही. आले ते भलतेच. एक आला, दुसरी आली, बघता बघता माझ्याभोवती घोळका झाला. प्रत्येकजण कागदाची घडी उलगडून माझ्या नाकासमोर धरायला लागला. मला वाटलं वर्गणी. मी खिशातून सुटे काढायला लागलो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक जयपूरचे सेठ हसून म्हणाले, "भाईसाहब, यहाँ ख़रीदनेवाला बैठता है, बेचनेवाला घूमता है. आप तो ब्यौपारी बन गए!"

म्हणजे उलटा बाजार! दुकान फिरतंय आणि गिऱ्हाईक बसलंय. टेबलाचं भाडं भरावं लागतं असंही सेठ म्हणाले. ते ज्ञानेश्वरीनं भरलं, आणि भरल्यावर खुर्ची ओढून माझ्या शेजारी अशी बसली, जणू तिचं माहेर चांथाबुरीचं.

मग आली ती टोपीवाली मावशी. मोठी गवती टोपी, सुरकुतलेलं तोंड आणि हुबेहूब आवडाबाईंची नजर. मी नकळत पाय जवळ घेतले. तिनं कागद उलगडला आणि आत तो खडा होता. ज्ञानेश्वरीनं रुमालातून नथ काढली, खडा रिकाम्या घरात ठेवून बघितला. बसला! आईशप्पथ, तिथंच जन्मल्यासारखा बसला. रंगही तोच. ज्ञानेश्वरीचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला आणि मी तिला कोपरानं ढोसलं. कारण बाईला वस्तू आवडली हे समोरच्याला कळलं की भाव संपला.

मावशीनं कॅल्क्युलेटरवर आकडा मारून पुढं सरकवला. मी घसा खाकरला.

"मावशी, मॅडम, धिस इज टू मच," असं म्हणून मी माझा आकडा मारला. मावशीनं बघितलं. परत बघितलं. मग शेजारणीला बोलावून दाखवलं. दोघी पोट धरून हसायला लागल्या.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "कशा घाबरल्या."

ज्ञानेश्वरीनं कॅल्क्युलेटर ओढून घेतला. "अहो! तुम्ही तिच्यापेक्षा जास्त मारलाय!"

"कसं शक्य आहे?"

"एक शून्य वाढवलंय. चष्मा कुठंय?"

"तुझ्या पर्समध्ये."

"आन् हे अकाउंट्सला आहेत!" ती छताकडं बघून म्हणाली. मग तिनं ते पुसलं आणि स्वतः आकडा मारला. मावशीनं मान हलवली. हिनं परत मारला. मावशीनं परत हलवली. टेबलाखालून मला लाथ बसत होती, तिचा अर्थ "तुम्ही गप बसा" असा होता, हे मला नंतर कळलं. त्यावेळी मला वाटलं, माझी वेळ आली. गाडी अडलीय, आता चालायला पाहिजे.

मी उठलो. "चल गं, पुढं बघू!" असं खणखणीत म्हणालो आणि निघालो.

काय चाललो म्हणून सांगू! बूट चावत होता तरी मान ताठ. हॉलच्या दारापर्यंत हाक आली नाही. म्हटलं, परदेशी माणसं, विचार करत असतील. गल्ली ओलांडली. हाक नाही. फळवाल्यांची रांग लागली, तिथं फणसासारखं दिसणारं एक फळ असा वास मारत होतं की हाक आली असती तरी त्या वासात अडकली असती. मी श्वास धरून पुढं. मागं बघायचं नाही म्हणजे नाही. पूल आला, तोही ओलांडला. नदीच्या पलीकडं पोचलो तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा हाक आलेली नसताना मागं वळून बघितलं.

कुणी नव्हतं. मावशी नव्हती. बायकोपण नव्हती.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, इथं दुकानदार फिरतो! गिऱ्हाईक उठून गेलं तर त्याला हाक कोण मारणार? ते तर नुसतं गिऱ्हाईक कमी झालं.

परत फिरावं म्हटलं तर गल्ल्या सगळ्या सारख्या. मोबाईल बायकोच्या पर्समध्ये. पैसे पर्समध्ये. हॉटेलचं नाव मला पाठ नव्हतं, तेही तिलाच पाठ. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. तिची काळजी नव्हती वाटत. ती कुठंही बोलून पोट भरील. मला माझीच काळजी वाटत होती. मी तिच्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा मागू शकत नव्हतो.

नदीकाठी एक नारळपाणीवाली बसली होती. तिला म्हटलं, "वाइफ! माय वाइफ!" तिला कळेना. मग मी खुणा केल्या. मंगळसूत्र म्हणून दोन्ही हात गळ्याभोवती फिरवून खाली ओढले. कुंकू म्हणून बोट कपाळावर टेकवलं. आणि ती पलीकडं आहे म्हणून नदीकडं हात केला.

बाई किंचाळलीच. नारळ टाकून तिनं माझा हात गच्च धरला आणि मला तिच्या खुर्चीवर बसवलं. आजूबाजूचे धावत आले. ती त्यांना माझ्याच खुणा करून दाखवायला लागली, आणि तिच्या गळ्याभोवती ते हात फिरताना बघितले तेव्हा मला कळलं मी काय सांगितलंय. मी "नो, नो" म्हणून उठायला लागलो तसा सगळ्यांनी मला खाली दाबलं आणि माझी खुर्ची नदीपासून लांब नेऊन ठेवली. एकानं पाठीवरून हात फिरवला. एक भगव्या वस्त्रातले साधू येऊन शेजारी बसले आणि लई मायेनं काहीतरी सांगायला लागले. काय सांगत होते देव जाणे, पण बरं वाटत होतं. नारळपाणी फुकट मिळालं. निघतो म्हटलं की दुसरं मिळायचं.

शेवटी माणसं मोजताना एक कमी भरला म्हणून मोनिका शोधत आली. तिनं त्या बाईशी बोलून घेतलं आणि माझ्याकडं वळली.

"काका, ह्या म्हणतायत, तुम्हाला जगायचा कंटाळा आलाय."

"मला बायको पाहिजे!"

"असं सांगू त्यांना?"

"नको, नको!"

आम्ही हॉलकडं परतलो. वाटेत मी मनात हिशेब करत होतो. ज्ञानेश्वरी रडत असेल, खडा हातचा गेला असेल, आता ती आईला काय तोंड दाखवणार, सगळं माझ्या शहाणपणामुळं. दारात शिरणार तोच जयपूरचे सेठ आडवे आले.

"भाईसाहब, अंदर मत आओ!"

"क्यों?"

"वो मौसी समझ रही है, आप भाभीजी को छोड़ के चले गए. उसका आदमी भी ऐसे ही बाज़ार से उठ के गया था, आज तक नहीं लौटा. आपके जाने के बाद दाम कितना नीचे आया, मालूम है? अभी और आ रहा है. थोड़ी देर और गुम रहो."

मी खांबाआडून बघितलं. मावशीनं ज्ञानेश्वरीचा हात हातात घेतला होता आणि दुसऱ्या हातानं कॅल्क्युलेटर खाली खाली आणत होती. ज्ञानेश्वरी पदर डोळ्याला लावत होती. (डोळा कोरडा होता. मी ओळखतो.) एवढ्यात मावशीची नजर माझ्यावर पडली. तिनं माझ्याकडं बोट केलं. हाच ना गं?

ज्ञानेश्वरीनं मला बुटापासून टकलापर्यंत बघितलं. अनोळखी माणसाला बघतात ना, अगदी तसं. आणि मान हलवली. नाय. हा नाय.

मी काय करणार? वळलो आणि परत चालायला लागलो. हॉलच्या मागं एका पायरीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं ती आली, पुडी पर्समध्ये, पर्स काखेत, चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशी नव्हता एवढा आनंद.

"मला हुडकायला का आली नाहीस?" मी बसमध्ये विचारलं.

"खडा सोडून?" ती म्हणाली. "आन् तुम्ही जाऊन जाऊन जाणार कुठं? चष्मा माझ्यापाशी, मोबाईल माझ्यापाशी." मग तिनं माझा बूट काढून पाय बघितला, फोड बघून "अगंबाई" म्हणाली आणि पर्समधलं मलम लावलं. माझा राग तिथंच विरघळला, काय करणार.

ऋतुराजचं लग्न बिडकीनला झालं. नथ घालून ज्ञानेश्वरी आईच्या पाया पडली. आवडाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि बराच वेळ बघितलं. 

"खडा माझा नाय ह्यो," त्या म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीचं अवसान गळालं. तिनं सगळं सांगून टाकलं. मसालेभात, मावशी, माझं उठून जाणं, पूल, नदी, साधूमहाराज, सगळं. आजूबाजूच्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. आवडाबाई मात्र शांतपणे ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी परत एकदा खडा निरखला.

"पहिल्यापरीस चांगला हाय," त्या म्हणाल्या. ज्ञानेश्वरीनं आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं श्वास सोडला. मीही सोडला. म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात आवडाबाई माझ्याकडं वळल्या. आवाजात राग नव्हता, नुसती हळहळ होती.

"जावईबापू, एवढी घाई कशापायी केली परत यायची? आणखी घंटाभर हिंडला असता, तर माझ्या लेकीला कुड्याबी झाल्या असत्या की!"