काटा बरोबरच असतो

जे दिसत नाही त्याचं वजन सगळ्यात जास्त भरतं, हे शहाण्यांना फार पूर्वीच कळलंय. म्हणून तर वेधशाळेत अदृश्य पदार्थाचा वेगळा विभाग आहे. पाच खोल्या, एक मोठे साहेब, आणि नमुना सापडलाच तर ठेवायला एक कपाट. (किल्ली हरवलीये. तक्रार कुणाचीच नाही.)

झालं काय, आकाशगंगांच्या कडेचे तारे वाजवीपेक्षा जोरात पळतात. जे दिसतं तेवढ्याचीच ओढ असती, तर कधीच उधळले असते. जवळून जाणारा उजेडसुद्धा वाकावा त्याहून जास्तच वाकतो. मग विभागाने ठरवलं, तिथे न दिसणारं काहीतरी आहे. किती आहे? जेवढं कमी पडेल तेवढं. इतकी सोयीची वस्तू बाजारात मिळत नाही हो!

आणि तिथली धाकटी संशोधक, अजून हंगामीच, म्हणाली की न दिसणारं काहीच नाही. लांबवर ओढीचा नियमच जरा वेगळा चालतो. नुसतं म्हणाली नाही, तारे जुळवून दाखवले, उजेडही वाकवून दाखवला. नेमकं त्याच आठवड्यात तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते साहेबांच्या सहीने ठरणार होतं.

"अगं बाई," साहेब म्हणाले, "नियम बरोबरच असतो. गणित जुळलं नाही की समजावं, आपल्याला काहीतरी दिसत नाहीये." आणि त्यांनी उघडलेलं पेन बंद केलं.

धाकटीने आपले कागद गोळा केले. आता आईला काय सांगायचं?

त्याच दुपारी कचेरीत सगळ्यांची तब्येत तपासायला नर्सबाई आल्या. साहेब काट्यावर चढले. काटा कण्हला.

"खाता काय?"

"सकाळी दोन घास. रात्री सूप, तेही नुसतं पाणी."

"मग हे एवढं कुठून आलं?"

"काटा बिघडलाय तुमचा!"

रांगेत मागेच धाकटी उभी. अगदी अदबीने म्हणाली, "सर, काटा बरोबरच असतो. गणित जुळलं नाही की समजावं, काहीतरी दिसत नाहीये."

शिपाईकाकांना एकदम ठसका लागला. (साहेबांच्या टेबलाचा खालचा खण तेच भरतात. केकने.)

साहेब काट्यावरच विचारात पडले. काटा चुकतो म्हणावं तर विभाग जातो, बरोबर म्हणावं तर खण उघडा पडतो. शेवटी शास्त्राचा विजय झाला. त्यांनी तिथेच कागद मागवला, 'नियमात चूक असू शकते' असं लिहिलं, आणि सही ठोकून धाकटीला कायम केलं.

हसताय? काट्यावर चढताना तुम्हीही चपला काढता, घड्याळ काढता, श्वास धरता. तरी आकडा वाढलाच तर म्हणता, काट्याचे सेल गेलेत. म्हणजे तुम्ही धाकटीच्या पक्षाचे. अदृश्य पदार्थावर तुमचा विश्वास आहेच म्हणा, पण तो शेजारीण काट्यावर उभी असताना.