आज जागा नाही

आमच्या गल्लीत गॅसचं सिलिंडर पोचवणाऱ्यालाही आधी मुलाखत द्यावी लागे. मारुतराव वाकोडे आपल्या ओट्यावर स्टूल टाकून बसलेले असत. ते त्याला थांबवत, खिशातून सूत काढून तटकन तोडत आणि म्हणत, "जोड के बता." बिचारा खांद्यावरचं सिलिंडर उतरवून गाठ मारी. वाकोडे ती ओढून बघत, मग मनगटावरच्या घड्याळात पाहत आणि गंभीरपणे सांगत, "आज जागा नाही. उद्या या."

"भिया, मेरे को सिलिंडर देना है. नौकरी नहीं चाहिए."

"सब शुरू में ऐसा ही बोलते हैं."

वाकोडे कापड मिलमध्ये सूतखात्याचे जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या कामगारांचे मुकादम. रोज सकाळी फाटकावर बदली कामगारांची रांग लागे. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी एका दिवसापुरता एक बदली घ्यायचा. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला परत पाठवायचं, ते जॉबर ठरवी. वीस वर्षं वाकोड्यांनी हेच काम केलं. मग मिल बंद पडली, भोंगा थांबला. वाकोडे थांबले नाहीत, एवढंच.

त्यांचं घड्याळही कधीचं बंद होतं. काटे पावणेसातवर. मला बंद पडलेली वस्तू घरात काय, शेजाऱ्याच्या मनगटावरही बघवत नाही. माझी शनिवारच्या कामांची यादी असते, तिच्यात मी तीनदा लिहिलं: 'वाकोडे, घड्याळ दुरुस्ती.' तिन्ही वेळा ते म्हणाले, "राहू द्या ताईजी. टाइम काय, कोणाला पण विचारता येतो."

त्यांची मुलगी ज्योती एमसीए झाली. पलासिया भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून तिला मुलाखतीचं पत्र आलं. ही तिसरी मुलाखत. आधीच्या दोन कंपन्यांनी 'कळवू' म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. वाकोडेवहिनी साड्यांना फॉल लावून घर चालवत होत्या. आता डोळे साथ देत नव्हते. या वेळी जमलं नाही तर ज्योतीनं सोमवारपासून एका दवाखान्यात पेशंटना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून द्यायला बसायचं, असं ठरलेलं होतं. तिथे एकदा बसली की पुन्हा पुस्तक उघडणार नाही, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही.

मी यादी केली. कागदपत्रं, झेरॉक्स, कपडे, विचारले जातील असे चाळीस प्रश्न. ऑफिसातून येऊन कुकर लावायचा आणि साडेसातला वाकोड्यांच्या ओट्यावर जायचं, असं तीन आठवडे चाललं. मी ज्योतीच्या वहीतून प्रश्न वाचायचे. त्यातलं मला ओ की ठो कळत नसे. वाकोडे मात्र निर्णय देत.

"पॉइंटर म्हणजे काय?" मी वाचलं.

"ज्यात दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता ठेवलेला असतो, तो."

"पत्ता पक्का आहे ना?" वाकोडे म्हणाले. "आमच्याकडे एक बदली होता, दर वेळी झूठा पत्ता लिहायचा. बोलवायला माणूस पाठवला तर तिथे हलवाईची दुकान."

"बाबा, ती चूक आमच्यात पण होते. त्यानं पूर्ण प्रोग्रॅम बंद पडतो."

"बघा ताईजी! लाइन एकच आहे."

मग ते मिलमधला त्यांचा लाडका प्रश्न विचारत; तार म्हणजे सूत, साचा म्हणजे ते कातायचं यंत्र. "तार तुटली. साचा बंद करशील का?"

"नाही. चालू साच्यावरच जोडीन."

"और प्रोग्रॅम?"

"तो बंद करून दुरुस्त करीन."

"फिर प्रोडक्शन का क्या?"

यावर ज्योती वहीचं पान उलटे. सगळं झालं की वाकोडे बंद घड्याळात बघत आणि म्हणत, "आज जागा नाही. उद्या या." रोज. एका संध्याकाळी ज्योती वही मिटून म्हणाली, "बाबा, हे कशाला बोलता? मी दोनदा ऐकलंय, खरंखुरं."

"ऐकायची आदत पाहिजे, बेटा."

"तुम्हाला बोलायची आदत आहे. म्हणून बोलता."

वाकोडे उठले. सुताचा गुंडा खिशात टाकून आत गेले.

मुलाखतीच्या दिवशी माझ्या यादीत 'सव्वानऊ, निघणे' असं होतं. मी रजा घेतली होती. वाकोड्यांनी सहाला माझं दार वाजवलं. "चला ताईजी. भोंग्याच्या आधी जो उभा, तोच कामाला लागतो."

"अहो, मुलाखत अकराला आहे."

"म्हणूनच."

सातला आम्ही तिघं कंपनीच्या बंद दारासमोर उभे होतो. चौकीदार दात घासत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि घासायचा थांबला.

दहापर्यंत आणखी अकरा मुलंमुली आली. वाकोड्यांनी त्यांना आल्या क्रमानं रांगेत लावलं. पोरं त्यांना कंपनीचाच माणूस समजली. एकानं तर अर्ज त्यांच्या हातात दिला. वाकोड्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "कॉलर ठीक कर." लेखी परीक्षा झाली, मग एकेकाला आत बोलावणं सुरू झालं. कोण गेलं, कोण आलं, पुढचा कोण, हे सगळं वाकोडेच बघत होते. ज्योती आत जाऊन आली. "कसं झालं?" मी विचारलं. तिनं फक्त पाणी मागितलं.

तीनच्या सुमाराला टाय लावलेला एक तरुण अधिकारी बाहेर आला. सकाळपासूनची शिस्त बघून त्याचाही गैरसमज झालेला असावा. त्यानं वाकोड्यांच्या हातात कागद दिला. "चाचा, ये तीन नाम पढ़ दीजिए. बाकी को बोल दीजिए, खबर करेंगे." आणि तो आत निघून गेला.

मी पुढे होणार तोच वाकोड्यांनी वाचायला सुरुवात केली. खणखणीत, फाटकावरचा आवाज. पहिलं नाव. दुसरं नाव. "ज्योती मारुतराव वाकोडे." आवाज तसूभरही हलला नाही. ज्योतीनं माझा हात घट्ट धरला.

समोर नऊ जण उरले होते. वाकोड्यांनी सवयीनं मनगट वर उचललं. ते अर्ध्यावर थांबलं. मग हात खाली घेऊन रांगेतल्या पहिल्या मुलीला त्यांनी विचारलं, "बेटा, तुम्हारा नाम क्या है?"

तिनं सांगितलं. मग दुसऱ्याला विचारलं, मग तिसऱ्याला. नऊच्या नऊ. प्रत्येकाकडे नीट बघून, जणू प्रत्येक चेहरा पाठ करायचा होता. शेवटी म्हणाले, "सुबह से भूखे हो. चलो, पोहे खाते हैं." निवड झालेली त्यांची मुलगी आणि मी मागून चालत होतो.

परतताना टेम्पोत ज्योती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. वाकोडे बाहेर बघत होते. बाहेर बघतच बोलले.

"वीस साल घड्याळात बघून बोललो, ताईजी. चेहरा बघितला तर जबानच उठायची नाही. टाइम कोणाला बघायचा होता?"

मी ज्योतीचं घसरणारं डोकं खांद्यावर सरळ केलं.

घरी पोचल्यावर ज्योती धावत आईकडे गेली. वाकोडे ओट्याच्या पायरीशी रेंगाळले. त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला. खाली पांढरा वळ होता.

"ते तुमच्या शनिवारच्या यादीत," घड्याळ माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "अजून जागा आहे का?"

मी पर्समधून यादी काढली. ती खालपर्यंत भरलेली होती.

"आहे," मी म्हटलं, आणि समासात लिहिलं.