नाकाडे यांची राखेची भिंत

निवृत्तीला सहा वर्षे झाली तरी नाकाडे यांची ड्यूटी संपलेली नव्हती. रिसालीत, पोलाद कारखान्याच्या कामगारवस्तीत, आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे. तिथे ते पिवळे हेल्मेट घालून सकाळ, दुपार, संध्याकाळ विटांना पाणी मारीत. तीन पाळ्यांची वही होती, माणूस एकच. सकाळच्या पाळीचे नाकाडे दुपारच्या नाकाड्यांना लेखी सूचना देत: ‘डावीकडची थप्पी कोरडी. लक्ष असावे.’ खाली दोघांच्या सह्या. दुपारच्या नाकाड्यांनी सकाळच्या नाकाड्यांवर हलगर्जीपणाचा शेरा मारलेला मी स्वतः वाचला आहे. पाळी संपली की नळावर अंघोळ करून, कपडे बदलूनच ते घरी जात. गल्लीला हे सारे वेड वाटे.

विटा त्यांनीच पाडलेल्या: वीजघराची राख, स्लॅग म्हणजे पोलादभट्टीची दळलेली मळी, चुना. भट्टी नाही.

“पस्तीस वर्षं आगीसमोर उभा होतो, साहेब. आता पाण्यानं काम करून पाहून राहिलो.”

मी कारखान्याच्या परीक्षण प्रयोगशाळेत होतो, म्हणून साहेब.

नाकाड्यांना घरामागे एक खोली उन्हाळ्यापूर्वी उभी करायची होती. फेब्रुवारी सरत आला होता. गवंडी दुकालू विटा पाहून हसला.

“दादा, ये तो राख है. लाल ईंट मँगाओ, आठ दिन में दीवार खड़ी.”

“एकवीस दिवस पाणी प्याचं हाय त्याइले.”

“तब तक तो लू चलेगी.”

नाकाड्यांनी त्याच्या हातात आधीच्या खेपेची, पाणी पिऊन झालेली एक वीट दिली. “छातीएवढ्या उंचीवरून सोड.”

फरशीचा टवका उडाला. वीट तशीच राहिली.

मी आयुष्यभर विटा यंत्रात दाबून फोडल्या. स्तुतीची मला सवय नाही. ती वीट उचलून मी तिच्या चारही कडा तपासल्या. राखेने एवढे घट्ट व्हावे, आणि तेही एका निवृत्त माणसाच्या अंगमेहनतीने.

तरी विचारले, “ऊन तोंडावर आले. भाजलेल्या विटा का आणत नाही?”

त्यांनी हेल्मेट काढले. “बायकोची, कमलची छाती, साहेब. गावी घरासमोर वीटभट्टी होती. बारा वर्षं तिनं तो धूर गिळला. आता टिनाच्या छपराखाली मे महिन्यात तिले दम घेता येत नाही. खोली तिच्यासाठीच हाय. तिची भिंत धुरातून कशी आणू?”

राखेचे काम घरापासून दूर, गल्लीच्या टोकाला का, आणि घरी जाण्याआधी अंघोळ का, हे मला तेव्हा उमगले.

एप्रिल संपता संपता खोलीवर स्लॅब टाकून झाला. मे महिन्यातल्या एका दुपारी मी गेलो. नव्या खोलीच्या खिडकीबाहेर, उन्हाच्या झळांत, नाकाडे स्टुलावर बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

“झोपली हाय. शिट्टी नाही आज छातीत. ऐका.”

मी ऐकले. श्वास संथ होता.

“आत का बसत नाही?”

“मले डुलकी लागते. घोरलो का ती उठते.”

शेजारी एक लोखंडी खुर्ची होती. मी ती ओढली नाही. आवाज झाला असता. उभाच राहिलो.