रंगनाथरावांची अक्कल असलेली गादी

जालन्यात मे महिन्यात बुडाखाली विजेचा हीटर घेऊन बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कडुनिंबात कावळे चोच उघडी टाकून बसलेले, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आमचे रंगनाथराव घुले बनियनवर, ओट्यावर, एका काळ्या चटईवर मांडी घालून निवांत. चटईच्या वायरी खिडकीतून आत गेलेल्या.

"रंगनाथराव, थंडी वाजतेय का?" मी विचारलं.

"न्हाई हो. उन्हाळ्यात हा गरम होत न्हाई, हेच बघून राह्यलो."

"मग बंद करून ठेवला तरी गरम होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बंद ठेवला तर तो तुमच्या अकलेनं थंड. चालू असून थंड राह्यला तर त्याच्या अकलेनं. फरक हाय की न्हाई?"

फरक होता. पण ओट्यावर बसलेल्या दोघांपैकी अक्कल चटईला जास्त, असं माझं तेव्हापासूनचं मत झालं.

एमआयडीसीत शेतीचे काळे पाइप बनवणारा आमचा कारखाना. मी तिथं स्टोअरकीपर, रंगनाथराव मिक्सिंगवर. प्लास्टिकचा दाणा आणि कार्बन, म्हणजे काळी भुकटी, ठरल्या मापानं एकत्र करायची, हे त्यांचं काम. घरंही भिंतीला भिंत लागून. कारखान्यात आठ तास आणि घरी उरलेले सोळा, असा हा माणूस माझ्या वाट्याला पूर्ण आला होता. ठरल्या मापानं काही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चहात साखर जास्त, भाजीत मीठ जास्त, बोलणं तर विचारूच नका. कुणाचं भलं करायचं असलं की हात सैल सुटायचा.

या सैल हातातूनच तो शोध लागला. झालं असं की एक दिवस पाइप जरा भुरकट निघायला लागला. शेतकऱ्याला काळाभोर माल दिसला की बरं वाटतं, म्हणून रंगनाथरावांनी कार्बनची पोती सढळ हातानं ओतली. त्यात तो कार्बन नेहमीचा नव्हता, कुठल्याशा दुसऱ्या कामाचा आला होता. पाइप असा काळा निघाला की आमच्या मालक शेठजींनी त्यात चेहरा बघितला. महिन्याभरानं मंठ्याकडचा एक शेतकरी एसटीनं आला. खांद्यावर हातभर पाइपाचा तुकडा. म्हणाला, "तुमचा पाइप करंट मारून राह्यला."

सगळा कारखाना हसला. प्लास्टिकच्या पाइपातून करंट! सुपरवायझरनं त्या बिचाऱ्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. रंगनाथराव मात्र हसले नाहीत. त्यांनी तुकडा घेतला, दोन टोकांना वायरी लावल्या आणि थोड्या वेळानं हात लावून पाहिला. तुकडा कोमट झाला होता. त्यांनी आणखी वाट पाहिली. तो कोमटच राहिला, पुढं तापेना. दुसऱ्या कुणीही त्या शेतकऱ्याला नवा पाइप देऊन विषय मिटवला असता. शेठजींनी तेच केलं. रंगनाथरावांनी मात्र तो सगळा वाया गेलेला माल सायकलवर लादून घरी नेला. वहिनींनी त्या दिवशी आमच्या घरी येऊन माझ्या बायकोला विचारलं, "कारखान्यात यांना कुणी काही खायला घातलं का हो?"

त्यानंतरची चार वर्षं मी 'हे कोमटच का राहतं' याचं उत्तर ऐकण्यात घालवली. बसस्टॉपवर, नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत, एकदा तर मयतीला गेलो असताना. उत्तर असं: "बांधकामावर माणसं खेटून हुबी हायत, पाटी ह्या हातातून त्या हातात चालली. बराबर? आता ऊन तापलं. घामाघूम झाली, सरकली लांब. मंग हात पुरतो का? न्हाई पुरत. पाटी थांबली. गार वारं आलं, पुन्हा खेटली, पाटी चालू. कार्बनचे कण म्हणजे ती माणसं अन् करंट म्हणजे पाटी. प्लास्टिक तापलं की फुगतं, कण लांब होतात. कुणी बटन बंद करायची गरज न्हाई. राखण नको, पहारा नको. त्याला अक्कल हाय!"

तारेच्या शेगडीवर त्यांचा विशेष राग. ती बिनअकली. तापतच जाते, लाल होते, घर जाळते तरी तिला कळत नाही. पुढं पुढं त्यांनी सगळ्या जगाचीच अशी वाटणी केली. सुपरवायझर तारेचा, त्यांचा साडू तारेचा, मी सुदैवानं कोमट.

शेठजी राजस्थानी, पण तीन पिढ्या जालन्यातच. त्यांना रंगनाथरावांनी चटई दाखवली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे रंगनाथ, जालना में पंखा बेच, पंखा! इथं थंडी दीड महिना अन् लाइट त्याहून कमी." तरी माणूस दिलदार. जुना हातदाब्याचा प्रेस जेवणाच्या सुट्टीत वापरायची परवानगी त्यांनी दिली. मग रंगनाथराव डबा प्रेसच्या बाजूला उघडा ठेवून पाइपाचे तुकडे तापवून दाबायचे, कडेनं तांब्याच्या पट्ट्या बसवायचे, आणि डबा तसाच घरी न्यायचे.

पहिली चटई तापलीच नाही. दुसरी तापली आणि पापडासारखी वळली. तिसरीवर मला बसवलं. कॉलनीत वजनानं मीच मोठा, म्हणून माझी निवड झाली होती. तिनं ऊब दिली खरी, पण माझ्या पांढऱ्या पँटवर असा ठसा उठवला की संध्याकाळी कारखान्यातल्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि जेवायलाही भिंतीकडेनंच सरकत गेलो. पुढच्या पाच-सहांनी नवनवीन खोड्या काढल्या. त्या सांगत बसत नाही.

एवढी खटपट कशासाठी, हे मला शोभाच्या लग्नानंतर कळलं. शोभा त्यांची एकुलती एक मुलगी. हुशार, हसरी. डाव्या पायाची दोन बोटं भाजल्यामुळं एकमेकांना चिकटलेली, म्हणून उन्हाळ्यातही मोजे घालायची. तान्ही असताना वहिनींच्या हातून आंघोळीचं कढत पाणी सांडलं होतं, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. माझ्या बायकोनंही "एवढी कशी बाई निष्काळजी" असं दहादा तरी म्हटलं असेल. तर लग्नाच्या पाचव्या दिवशी रंगनाथराव मला म्हणाले, "शोभाच्या पहिल्या बाळंतपणाआधी हे झालंच पायजे. बाजेखाली शेगडी न्हाई ठेवायची. गादीखाली हे घालायचं."

"अहो, पोरीच्या अंगाची हळद उतरू द्या!" मी म्हणालो.

त्यांना घाई झाली होती. दोन वर्षांनी शोभाला दिवस गेले आणि तारीख पौषातली निघाली, तेव्हा तर या माणसानं जेवणच सोडलं. चटई आता ट्रान्सफॉर्मर लावून चोवीस व्होल्टवर चालत होती, वरून रबरी कापड चिकटवलं होतं. ओलं फडकं टाकून पाहिलं, गोधड्यांची चळत ठेवून पाहिली, दिवसदिवस चालू ठेवून पाहिली. मग एका रविवारी सकाळी, चांगली कडाक्याची थंडी असताना, मला तिच्यावर निजवलं. पाऊण तास निजायचं ठरलं होतं. मी जागा झालो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. इतकी गोड झोप मला लग्नानंतर लागली नव्हती. "ठीक आहे," एवढंच मी म्हणालो. जास्त कौतुक केलं तर पाटीची गोष्ट पुन्हा सुरू होईल, ही भीती.

वहिनींना मात्र हे काही पटलं नव्हतं. बाजेखाली विस्तव, त्यावर ओवा, सव्वा महिना शेक, हे त्यांच्या सासूनं केलं, सासूच्या सासूनं केलं. "बाळंतिणीला विस्तू लागतो, वायर न्हाई," त्या म्हणायच्या. यावर रंगनाथराव कधी नव्हे ते गप्प बसायचे. मला वाटायचं, बायकोला घाबरतात. चला, एक तरी गुण आपल्यासारखा आहे.

शोभाला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही दोघं दुपारी झबलं-टोपडं घेऊन बघायला गेलो. आत वेगळंच चाललं होतं. शोभा मांडीवर बाळ घेऊन बाजेवर बसलेली. वहिनी दारात, हातात फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी. आणि मधे रंगनाथराव, दोन्ही हात पसरून.

"सरका, चटका बसंल," वहिनी म्हणाल्या.

"न्हाई."

"असं काय करता? तिला वारं लागंल. काय तुमचं ते प्लास्टिक अन् काय ते!"

मी तोंड उघडलं. एक चांगला टोमणा जिभेवर आला होता. पण रंगनाथरावांची नजर त्या निखाऱ्यांवरून हलत नव्हती, ते पाहून मी तो गिळला.

"शोभा," ते मुलीकडं न बघताच म्हणाले, "पाणी सांडलं न्हवतं."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आता कशाला?"

"तुझ्या आईनं काईच सांडलं न्हाई. पौषच होता. तू बारा दिवसांची. तुझी आई न्हायला गेल्ती, मला राखणीला बसवून. तुला थंडी वाजू नये म्हणून मी शेगडीत जास्तीचा कोळसा घातला. रातपाळी करून आल्तो. माझा डोळा लागला. गोधडी पेटली तरी मला जाग न्हाई आली. तू रडलीस तवा आली."

 माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला काय आठवत असेल ते मला कळत होतं, कारण मलाही तेच आठवत होतं. चार वर्षं मी या माणसाची यथेच्छ टिंगल केली होती, आणि त्या क्षणी मला माझी मनापासून लाज वाटली.

शोभा आईकडं बघत होती. "आई, इतकी वर्सं तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस?"

"मंग काय करू?" वहिनी म्हणाल्या. "महिनाभर जेवले न्हवते ते. तुला हात लावायचं सोडून दिलं. म्हणायचे, माझ्या हाताला येऊ देऊ नको तिला. असा माणूस लोकांच्या तोंडी द्यायचा का?"

शोभानं पायावरची शाल नीट केली. बाळ दोन्ही हातांनी उचललं आणि वडिलांपुढं धरलं.

"अण्णा, घ्या. तुमच्याच हातानं निजवा ह्याला."

"मी न्हाई, बाई."

"माझे हात भरून आले. धरा लवकर."

ते मोरीवर गेले. साबण लावून हात धुतले, परत धुतले, धोतराला पुसले. मग नातवाला घेतलं आणि बाजेवर, खाली ती चटई घातलेल्या उबदार गादीच्या बरोबर मधोमध ठेवलं. ठेवल्यावरही हात काढून घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. बाळानं एकदा तोंड वाकडं केलं, मूठ गालाशी नेली आणि झोपलं.

वहिनींनी हातातली शेगडी तशीच अंगणात नेली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.